मोकळं संप्रेरक, धरलेलं संप्रेरक

(पडद्यावर: काचेची बारीक नळी. तळाशी लाल थर, वर फिकट पिवळसर द्रव.)

रेनबो ट्राउट माशाचं रक्त यंत्रात वेगानं फिरवलं, की पेशी तळाला जातात आणि वर रक्तद्रव उरतो. मादी अंडी धरत असेल तर या द्रवात इस्ट्राडायॉल हे मादीचं मुख्य लैंगिक संप्रेरक सापडतं आणि नरांशी जोडलं जाणारं टेस्टोस्टेरॉनसुद्धा. हो, मादीच्या रक्तातही, आणि तेही भरपूर. पण यातलं बरंचसं संप्रेरक मोकळं नसतं. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनानं ते पकडून ठेवलेलं असतं. या प्रथिनाचं नाव सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन, थोडक्यात एसएचबीजी.

पेशीत शिरून काम करतं ते प्रामुख्यानं मोकळं संप्रेरक. पकडलेलं संप्रेरक रक्तातच फिरत राहतं. म्हणून रक्तात एकूण इस्ट्राडायॉल किती, एवढ्या आकड्यावरून माशाच्या शरीरात काय चाललंय ते कळत नाही. त्यातलं मोकळं किती, हे विचारावं लागतं आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी या प्रथिनाच्या हातात असतं.

(पडद्यावर: प्रयोगशाळेतलं टेबल. नळीत काळ्या कोळशाची पूड पडते.)

ते मोजायची रीत जुनी, पण सुंदर आहे. आधी रक्तद्रवातली माशाची स्वतःची संप्रेरकं कोळशानं शोषून काढतात. ती राहिली तर प्रथिनाच्या जागा आधीच भरलेल्या असतात आणि मोजमाप कमी येतं. मग किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्राडायॉल घालतात. नळी गार ठेवून पुन्हा थोडा वेळ कोळसा घालतात. मोकळे रेणू कोळशाला चिकटून तळाला जातात. प्रथिनानं धरलेले वर द्रवात राहतात. त्या द्रवातला किरणोत्सार मोजला, की प्रथिनाच्या किती जागा आहेत ते समजतं.

आता प्रश्न असा, की यकृतानं हे प्रथिन किती बनवायचं ते कोण ठरवतं?

(पडद्यावर: मादीच्या शरीराचं रेखाचित्र. मेंदूकडून अंडाशयाकडे, तिथून यकृताकडे जाणारे बाण.)

अंडी धरायचा हंगाम आला, की मेंदू पीयूषिका ग्रंथीला जागं करतो, पीयूषिका अंडाशयाला. अंडाशयात टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडायॉल बनतं आणि रक्तातून यकृतात पोचतं. तिथं ते विटेलोजेनिन तयार करायला लावतं. अंड्यातला पोषक बलक याच प्रथिनापासून बनतो. हा भाग बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो. पण रेनबो ट्राउटवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. इस्ट्राडायॉल दिलं, की रक्तातलं पकडणारं प्रथिनही वाढतं. विटेलोजेनिनची वाढ प्रचंड असते, याची त्या मानानं माफक. मेक्सिकोच्या आखातातल्या स्पॉटेड सीट्राउट माशाच्या मादीतही अंडाशय भरत जातं तसतशी या प्रथिनाची पातळी चढते.

म्हणजे इस्ट्राडायॉल स्वतःलाच पकडणाऱ्या प्रथिनाची भर घालतं. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. एवढी मेहनत करून संप्रेरक बनवायचं आणि मग ते बांधून ठेवायचं? पण ही संप्रेरकं स्टेरॉइड या प्रकारातली, आणि मोकळा स्टेरॉइड रेणू रक्तात फार टिकत नाही. यकृत त्याची विल्हेवाट लावतं आणि कल्ल्यांतून तो पाण्यात निसटतो. पकडलेला रेणू मागे राहतो. मोकळे रेणू कमी झाले, की प्रथिन आपल्याकडचे सोडतं. जास्त झाले, की धरतं. अंडी भरायला आठवडे, काही माशांत महिने लागतात. इतका काळ संप्रेरकाचा पुरवठा सलग ठेवायचा तर असा साठा हवाच. म्हणून या प्रथिनाला नुसता हमाल समजणं मला पटत नाही.

त्याची पकड सगळ्यांवर सारखी नसते. नर माशांचं मुख्य संप्रेरक ११-किटोटेस्टोस्टेरॉन, ते याला सैलच चिकटतं. ताण आल्यावर वाढणाऱ्या कॉर्टिसॉलचीही तीच गत.

(पडद्यावर: कल्ल्याची लालभडक पाती. पाणी एका दिशेनं, रक्त उलट दिशेनं.)

औषधांतली संप्रेरकं पाण्यात आली, की खरी काळजी सुरू होते ती इथं. श्वासासाठी कल्ल्यांत पाणी आणि रक्त यांच्यामध्ये जेमतेम एक पातळ पडदा असतो. स्टेरॉइडचे रेणू तो दोन्ही बाजूंनी ओलांडू शकतात. पाण्यातून आत आलेला रेणू एसएचबीजीनं लगेच पकडला, तर रक्तातलं मोकळं प्रमाण कमीच राहतं आणि पुढचे रेणू आत येत राहतात. टेंच माशांवरच्या प्रयोगात हेच दिसलं: ज्या स्टेरॉइडवर प्रथिनाची पकड घट्ट, ते पाण्यातून जास्त वेगानं शोषलं गेलं. झेब्राफिशच्या तर कल्ल्यांतच हे प्रथिन आढळलंय.

स्वीडनमध्ये सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रेनबो ट्राउट ठेवले होते. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं लेव्होनॉरजेस्ट्रेल हे स्टेरॉइड संप्रेरक काही माशांच्या रक्तात गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त होतं. पाणी शुद्ध करून सोडलेलं होतं, हे लक्षात घ्या.

(पडद्यावर: जंगलानं वेढलेलं तळं, वरून.)

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेलं एक तळं आहे. त्याला नाव नाही, क्रमांक आहे: २६०. २००१ ते २००३ या तीन वर्षांत शास्त्रज्ञांनी त्यात गोळ्यांमधलंच दुसरं संप्रेरक सोडलं, इथिनिलइस्ट्राडायॉल. प्रमाण लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तेवढ्यानं फॅटहेड मिनो या छोट्या माशांचे नर विटेलोजेनिन बनवू लागले. अंडी कधीच न घालणारे नर! पुढं त्या तळ्यातली मिनोंची संख्या जवळजवळ संपली.

माणसाच्या रक्तातलं एसएचबीजी या इथिनिलइस्ट्राडायॉलला फारसं धरत नाही. झेब्राफिशचं एसएचबीजी मात्र घट्ट धरतं. औषध माणसाच्या प्रथिनावर तपासून ते रक्तात कसं वागेल याचा अंदाज बांधला, तर माशाबद्दलचा अंदाज साफ चुकतो. नदीत पोचू शकणारं प्रत्येक संप्रेरकी औषध माशाच्या एसएचबीजीवरही तपासलं पाहिजे. थोडा रक्तद्रव, खूण लावलेलं संप्रेरक आणि कोळशाची पूड, एवढ्यावर ही तपासणी होते.