पूल तोच, जहाज दहापट

[दृश्य: सोलापूर–पुणे महामार्ग. कंटेनर लादलेले ट्रेलर.]

सोलापुरात बंदर नाही, पण कंटेनर कुणाला नवे नाहीत. टॉवेल-चादरी भरून ते न्हावा शेव्याकडे निघतात, एका ट्रेलरवर एक किंवा दोन. आता असे साडेचार हजारांहून जास्त कंटेनर एकाच जहाजावर रचलेले डोळ्यांपुढे आणा.

जहाजाचं नाव डाली. लांबी सुमारे ३०० मीटर, खलाशी बहुतेक भारतीय. २६ मार्च २०२४. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रात्रीचा दीड वाजत आला होता. पटाप्स्को नदीतून समुद्राकडे जाताना जहाजाची वीज गेली. आली. पुन्हा गेली. चौकशीत कारण निघालं एक सैल वायर. तिच्यावरची नावाची पट्टी चुकीच्या जागी चढवलेली, म्हणून वायर जोडणीत पुरती बसलीच नव्हती.

[दृश्य: पुलाचा आराखडा. खांबाकडे सरकणारं जहाज.]

टक्कर झाली तेव्हा वेग होता ताशी १२ किलोमीटरच्या आसपास. सोलापूरच्या सात रस्ता चौकात रिक्षासुद्धा याहून जोरात पळते. पण मागे लाखभर टन वजन होतं. नदीवरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाचा एक खांब गेला आणि काही सेकंदांत मधले पोलादी गाळे नदीत कोसळले. रचनाच अशी, की एकाने दगा दिला की दुसऱ्याला आधार उरत नाही.

जहाजावरून धोक्याचा इशारा गेला होता, पोलिसांनी दोन्हीकडची वाहनं अडवली. खड्डे बुजवणारे रात्रपाळीचे मजूर मात्र वरच राहिले. त्यांना कुणी कळवलं नाही. सहा जण गेले, सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले.

नशीब म्हणून हे सोडून देता येत नाही. कारण १९८० मध्ये ब्लू नागोया नावाचं जहाज याच पुलाला धडकलं होतं. पूल तेव्हा तीन वर्षांचा. किरकोळ मोडतोड झाली, पूल टिकला, विषय मिटला. डाली त्या जहाजाच्या दहापट! त्याच वर्षी फ्लोरिडातला सनशाइन स्कायवे पूल जहाजाच्या धडकेने पडला, ३५ माणसं मेली. त्यानंतर नव्या पुलांसाठी अशा धडकेचा हिशेब करणं सक्तीचं झालं. जुन्यांसाठी नुसती शिफारस. फ्रान्सिस स्कॉट की पुलाचा हिशेब अपघातानंतर चौकशी मंडळाने केला. धोका मान्य मर्यादेच्या जवळपास तीसपट निघाला. मग आणखी ६८ पुलांचा हिशेब करायला सांगितलं गेलं.

पोलाद गंजलं म्हणून हा पूल पडला नाही. खालून जाणारं ओझं वाढत गेलं आणि खांबांभोवतीचं संरक्षण जुनंच राहिलं.

[दृश्य: उजनीचा फुगवटा. डिकसळचा जुना पूल.]

भीमेत मालवाहू जहाज येणार नाही, हे खरं. पण डिकसळचा पूल घ्या. ब्रिटिशांनी तो रेल्वेसाठी बांधला. उजनी धरण झालं, रेल्वेमार्ग दुसरीकडे गेला आणि करमाळा–भिगवण वाहतूक या दगडी कमानींवर आली. ज्या ओझ्याचा विचार करून पूल बांधला ते गेलं, दुसरं आलं. कालांतराने पुलाचा भाग ढासळला, अवजड वाहनं थांबवावी लागली. पण गळीत हंगाम सुरू झाला की करमाळ्याच्या उसाला पलीकडे जायचंच असतं, आणि डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर लांबच्या वळशाचं डिझेल कुणाच्या खिशातून घालायचं ते विचारतो.