राखणीला आपला, लसीला कोणाचा?

(वर्धा जिल्ह्यातील एका गावाच्या वाचनालयात निवृत्त पशुवैद्यकाने दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, आज २८ सप्टेंबर. रेबीजची लस शोधणारे लुई पाश्चर १८९५ साली याच दिवशी गेले, म्हणून जगभर हा रेबीज दिन पाळतात. आपल्याकडे तो भादव्याच्या आसपास येतो, हे बरंच झालं. कुत्र्यांच्या माजाचा हंगाम हाच. गावाबाहेरच्या आखरावर सध्या रात्रभर काय गोंधळ असतो ते तुम्हाला सांगायला नको. भांडणं आणि चावे याच दिवसांत वाढतात, आणि साधारण ६३ दिवसांनी कुटाराच्या ढिगात पिल्लं सापडतात.

मला विषय दिलाय शहरातला कुत्रा आणि गावातला कुत्रा. नागपूरचे पाहुणे म्हणतात, तुमचे कुत्रे सुखी, मोकळे हिंडतात. आपली माणसं तिकडून आली की सांगतात, तिथं कुत्र्याला एसी आहे जी! दोघांचंही खरं आहे.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. गावातला कुत्रा कडुलिंबाखाली माती उकरतो, वरची तापलेली फेकतो आणि खालच्या गार मातीवर पोट टेकवतो. नाहीतर बंडीखालून चालत वावरात येतो. गाडीखालच्या कुत्र्याला आपण उगाच हसतो. गाडी आपणच ओढतोय असं त्याला कशाला वाटेल? त्याला सावली पाहिजे असते. नागपूरचा रस्त्यावरचा कुत्रा सिमेंट रोडवर खड्डा कुठे करणार? तो उभ्या कारखाली शिरतो, आणि मालकाने खाली न बघता गाडी काढली की पाय गमावतो. फ्लॅटमधल्या हस्कीचं वेगळंच. बर्फातली जात विदर्भात आणायची हौस कोणाची, आणि भोगायचं कोणी!

खाण्याचं थोडक्यात सांगतो. २०१३ साली संशोधकांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ जास्त असतात. तेव्हा ज्वारीच्या भाकरीवर तो तग धरतो यात नवल नाही. पण नुसत्या भाकरीवर अंग धरत नाही, म्हणून तो मेलेल्या ढोराकडे जातो. पूर्वी तिथं गिधाडं असायची. डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवायचं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. ती पंगत आता कुत्र्यांची आहे.

आता कामाचं. शहरात पाळलेल्या कुत्र्याला काम नाही, म्हणून तो सोफा फाडतो. आपल्याकडे त्याला शेतात रात्रीची जागल आहे. तुरीत रोही, म्हणजे नीलगाय, शिरला, हरभऱ्यात डुक्कर आलं, तर आधी तो उठतो, मग आपण. डुकरावर भुंकत धावून जाणारा तोच कुत्रा कधी कधी मुकाट मचाणाखाली येऊन शेपूट पायात घालतो. तेव्हा बिबट्या जवळ असू शकतो; बॅटरी चारीकडे फिरवायची, खाली उतरायचं नाही. बिबट्यासाठी कुत्रा म्हणजे सोपं सावज. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के कुत्रेच निघाले. तिकडे ऊस आहे, इकडे जंगल आहे, पण कुत्रा दोन्हीकडे उघड्यावरच झोपतो.

एवढी राखण करणाऱ्याला लस टोचायला आम्ही शिबिर लावलं की ओट्यावर बसलेल्यांना विचारायचो, हा कुत्रा कोणाचा? उत्तर ठरलेलं, "कोणाचा नाही साहेब, असाच राहते इथं." आणि त्यालाच कोणी दगड मारला की भांडायला चार घरं बाहेर येतात! राखणीला आपला, लसीला कोणाचाच नाही. माझ्या मते खरा फरक इथं आहे. शहरात कुत्र्यावरून कितीही भांडणं होवोत, पाळलेल्याचं लसीचं कार्ड असतं. रस्त्यावरच्याची नसबंदी झाली की खूण म्हणून कानाला खाच पाडतात. नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा, तो पिसाळलेला किंवा आक्रमक नसेल तर, पुन्हा त्याच भागात सोडावा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. आपल्या गावात खाच पाडलेल्या कानाचा एक कुत्रा दाखवा मला.

रेबीज आपल्याकडे गोठ्यातूनही भीती घालतो. पिसाळलेला कुत्रा म्हशीला चावतो, कोणाला कळत नाही. म्हैस मरते, आणि मग आठवतं की तिचं दही तेरवीच्या जेवणात होतं. सारी पंगत दवाखान्यात! उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, त्याला भिऊ नका. भ्यायचं ते चाव्याला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मिरची नको, चुना नको, मांत्रिक तर नकोच. लगेच दवाखाना, आणि सुयांचे सगळे डोस.

ताडोब्याच्या बाजूच्या गावांसाठी आणखी एक. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग कोळसुनांना, म्हणजे रानकुत्र्यांना, आणि वाघांनाही होऊ शकतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, त्यातल्या काहींत हाच विषाणू सापडला होता. तेव्हा शिकारीच्या नादाने जंगलात घुसणारा कुत्रा घरी बांधा.

शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सत्तर धरून कोण आणणार? मोठ्यांच्या हाती कुत्रा लागत नाही, पोरांच्या मागे तो आपणहून येतो. कोणता कुत्रा कोणत्या ओट्यावर झोपतो, कोणाला चावायची खोड आहे, सगळं त्यांना पाठ असतं. म्हणून रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत लसीच्या शिबिराला पोरांना कुत्र्यांसकट शाळेच्या मैदानावर पाठवा, सोबत एक मोठं माणूस द्या. दोरी सुती आणा, नायलॉनची गळ्याला कापते. पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नका, तिचं घर मला दाखवा, मी तिथं येतो. आणि रजिस्टरात 'मालक' असा रकाना आहे, तो यंदा रिकामा ठेवणार नाही. ज्याच्या ओट्यावर झोपतो, त्याचं नाव लिहीन.