दहा पावलांवरची मनीऑर्डर

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत माझा विषय 'भाडेकरू, घरमालक आणि संसदेतील चर्चा' असा भारदस्त छापला आहे. संसदेपर्यंत मी तुम्हाला नेणारच आहे. परंतु सोलापूरहून दिल्लीला जाताना माझ्या वाटेत आमच्या वाड्याचे माळवद लागते आणि ते ओलांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चाळीस वर्षे मी या शहरात भाड्याचे दावे चालवले, कधी मालकांचे तर कधी भाडेकरूंचे, आणि एका मतापर्यंत येऊन पोहोचलो: आपले कायदेमंडळ भाड्याच्या आकड्यावर आणि घर रिकामे करण्यावर तासन् तास बोलते, पण माणसे भांडतात ती गळक्या छपरावरून.

साखर पेठेतील एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. भाडे दरमहा बारा रुपये. मातीच्या माळवदावर मृगाच्या आधी पांढरी माती पसरावी लागते, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. ती गाडीभर माती कोणी आणायची, हा आमच्या घरातला वार्षिक प्रश्न होता. मालकांचे म्हणणे असे, की बारा रुपयांत गाडीवानाची मजुरीसुद्धा सुटत नाही. वडिलांचे म्हणणे असे, की छप्पर मालकाचे, तर छपरावरची मातीही मालकाचीच. या तात्त्विक मतभेदाच्या काळात माझी आई पहिल्या पावसाला सवण्याखाली, म्हणजे छपरातल्या उजेडाच्या झरोक्याखाली, घंगाळ, चुलीजवळ पातेले आणि अंथरुणाच्या मधोमध कणकेची परात मांडत असे, आणि रात्री कोणत्या भांड्यात थेंब पडला हे आम्ही भावंडे केवळ आवाजावरून ओळखत असू.

एका वर्षी रागाच्या भरात मालकांनी भाडे घेण्याचेच बंद केले. भाडे थकले की दावा लावता येतो, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. वडिलांनाही कोणीतरी सांगितले, की भाडे मनीऑर्डरने पाठवा. मग दर महिन्याच्या पाच तारखेला वडील टपाल कचेरीत जाऊन बारा रुपये भरत. आमच्या उंबऱ्यापासून मालकांचा उंबरा दहा पावलांवर, पण ते बारा रुपये सबंध पेठ फिरून पोस्टमनच्या पिशवीतून तिथे पोहोचत, 'घेण्यास नकार दिला' असा शेरा घेऊन माघारी फिरत आणि पुन्हा आमच्याच उंबऱ्यावर येत. ते परतीचे कागद वडिलांनी खिळ्याच्या तारेत ओवून ठेवले होते. न्यायालयात आमच्या बाजूचा खरा साक्षीदार तोच जुडगा होता. हे चालू असताना गड्ड्याच्या जत्रेला दोन्ही घरची मुले एकत्रच जात, आणि मालकीणबाई आईला 'वहिनी' म्हणून हाक मारत. दावा पुरुषांचा होता.

आता तुम्ही म्हणाल, बारा रुपये म्हणजे मालकावर अन्यायच. होता, आणि मी त्यांचाही वकील झालो असतो. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभाड्याची, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल त्या भाड्याची, खुंटी 1 सप्टेंबर 1940 या दिवसावर ठोकली. युद्धकाळातील आणि फाळणीनंतरच्या टंचाईत ते योग्यच होते, परंतु टंचाई बदलली आणि खुंटी तिथेच राहिली. अखेर 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले, की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्या आहेत. कायदा मात्र रद्द केला नाही, कारण त्याची मुदत लवकरच संपत होती आणि नवा कायदा अपेक्षित होता. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. अंमल 31 मार्च 2000 पासून.

त्याने एक चांगले काम केले. तोवर राज्यात तीन कायदे नांदत होते. आपल्याकडे मुंबईचा, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा. सोलापूरच्या भाडेकरूने तुळजापूरला बिऱ्हाड हलवले, की देवी जवळ येई आणि कायदा बदले. नव्या कायद्याने तिघांना एका माळेत ओवले आणि मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ दिली. 1 ऑक्टोबर 1987 चे भाडे धरायचे, त्यावर पाच टक्के चढवायचे आणि मग दरसाल चार टक्के. आमच्या बारा रुपयांचे साडेबारा आणि दहा पैसे झाले असते, व पहिली वार्षिक वाढ पन्नास पैसे. (हशा) हसू नका. त्या पन्नास पैशांत पांढऱ्या मातीची गाडी आणायची होती.

दुरुस्तीचे कलमही पाहा. मालक छप्पर दुरुस्त करीत नसेल तर भाडेकरूने नोटीस देऊन ते स्वतः करावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा, परंतु वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. बारा गुणिले बारा एकशे चव्वेचाळीस, त्याचा चौथा हिस्सा छत्तीस रुपये. कायद्याने हक्क दिला आणि माती दिली नाही.

मालकांची भीतीही विसरू नये. 1973 च्या दुरुस्तीने, 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवानाधारक म्हणून, म्हणजे भाडेकरू नव्हे तर केवळ मालकाच्या परवानगीने, घरात होते त्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू केले. पाहुणा म्हणून आलेला घरचा झाला. तेव्हापासून लोकांनी घरे कुलूपबंद ठेवली आणि नोंदणी टाळणारा 'अकरा महिन्यांचा करार' नावाचा मंत्र घट्ट धरला. आज महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा असो वा अकरा दिवसांचा, भाडेकरार नोंदवावाच लागतो, तरी आपण अकराच लिहितो. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्यांतील कितींच्या कुलपात ही भीती असेल, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजावे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: पाच मिनिटे. म्हणजे मला संसद पाच मिनिटांत उरकायची आहे.

दिल्लीसाठी 1958 चा जुना कायदा होता. तो बदलून भाडेवाढीस व घर परत मिळवण्यास वाट देणारा नवा कायदा संसदेने 1995 मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु जुन्या बाजारपेठांतील भाडेकरू व्यापाऱ्यांनी एवढा गदारोळ केला, की अंमलाची तारीख कोणत्याच सरकारने जाहीर केली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2003 मध्ये न्यायालयाने कायदा लागू करण्याचा आदेश सरकारला देण्यास नकार दिला. 2013 मध्ये तो न लागू झालेला कायदा रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. वडिलांच्या मनीऑर्डरसारखेच झाले: सभागृहातून निघाला, सगळीकडे फिरला आणि घेण्यास नकार.

त्यानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो राज्यांनी स्वीकारायचा आहे. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांची, व्यापारी जागेची सहा महिन्यांची, करार लेखी, मुदतीनंतर बसून राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे. जुनी भाडेदारी त्यात येत नाही, म्हणजे पेठांतील वाडे जिथल्या तिथे. चर्चा याच आकड्यांवर होते. मला मात्र त्यातली दुसरी अनुसूची प्रिय आहे. तिथे लिहिले आहे, की भिंतींची सफेदी आणि इमारतीची मोठी दुरुस्ती मालकाची, नळाचा वॉशर आणि मोरीची सफाई भाडेकरूची. आणि मालकाने टाळल्यास भाडेकरू महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम कापू शकतो. राज्याने हा मसुदा कधी विधानसभेत आणला, तर आमदारांनी चर्चा त्या अनुसूचीपासून सुरू करावी आणि आपल्या भागासाठी एक ओळ वाढवावी: माळवदावरची पांढरी माती मृगापूर्वी, मालकाच्या खर्चाने. नाही तर ती मोठी दुरुस्ती की रोजची निगा, यावर माझ्यासारखे वकील दहा वर्षे पोट भरतील.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे, आणि तिच्यावर 'घेण्यास नकार दिला' असा शेरा मारण्याचे धैर्य माझ्यात नाही.