सिमेंटचा पत्रा उतरवताना

[दृश्य : गोठ्याचं छप्पर. वानरांची टोळी वरून उड्या घेत जाते.]

टिनावर वानर उडालं की नुसता आवाज होतो. सिमेंटचा पत्रा मात्र तडकतो. जाडी जेमतेम सहा मिलीमीटर. वजनातला साधारण दहावा हिस्सा पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, बाकी बहुतेक सिमेंट.

क्रिसोटाइल हा मुळात दगडच. त्यात मॅग्नेशियमचा थर सिलिकाच्या थरापेक्षा किंचित मोठा असतो. दोन्ही चिकटलेले, त्यामुळे तेंदूच्या पानाची विडी वळावी तशी त्यांची नळी होते. जाडी सुमारे 25 नॅनोमीटर. ही नळी जळत नाही, कुजत नाही आणि कापसासारखी पिंजता येते. म्हणूनच ती ब्रेक लायनिंगपासून गॅस्केटपर्यंत सगळीकडे गेली.

भारतात 1986 पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे नाहीत. आयात मात्र चालू आहे, मुख्यतः रशियाहून. युरोपीय संघात 2005 पासून बंदी. खणायला नको, विकायला चालतं, असा हा हिशेब.

पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटात अडकलेले असतात. ग्राइंडर लावला की ते मोकळे, आणि श्वासावाटे थेट फुप्फुसात. अ‍ॅस्बेस्टॉसिस (फुप्फुस ताठर होणं) किंवा मेसोथेलियोमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) दिसायला 20 ते 40 वर्षं लागतात. तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हापुरता ठीक. इथे पी-100 फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा मास्क हवा.

[दृश्य : सकाळ, वारा पडलेला.]

आधी ढोरं आणि कुटार हलवा. स्वच्छ फवारणी पंपात पाणी आणि थोडं साबणाचं द्रावण घेऊन पत्रे भिजवा. ओला पत्रा निसरडा, जुना तर ठिसूळही; त्यावर पाय ठेवू नका, घोडीवर उभं राहून काम करा. पत्रा धरून ठेवणारे आकड्यासारखे जे-बोल्ट गंजलेले असतात, नट फिरत नाही. हातोडा मारला की बोल्टाआधी कोपरा फुटतो. बोल्ट कटरनं तोडा. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या वर भरतो. दोघांनी अख्खा खाली घ्या, फेकू नका.

झाडू नको, ओलं फडकं घ्या. तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून चिकटपट्टी लावा. हा घातक कचरा. आंगणात मुरमासोबत भराव म्हणून टाकला, तर ट्रॅक्टरचं चाक त्याचं पीठ करतं.