हातोडा खाली ठेवायची मुभा

मंडळी, जॉन हेन्री नावाच्या मजुराची दंतकथा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रेल्वेच्या बोगद्यासाठी डोंगर फोडणारा हा गडी. मालकाने वाफेवर चालणारं यंत्र आणलं, तेव्हा याने यंत्राशी पैज घेतली. जिंकला, आणि हातात हातोडा असतानाच कोसळून मेला.

मला बोलायचंय ते दुसऱ्या जॉन हेन्रीबद्दल. हा खरा होता. जॉन हेन्री मार्टिन, जन्म १९०७, नॉर्थ कॅरोलायनातलं अतिशय गरीब कृष्णवर्णीय घर, शाळा दुसरीपर्यंत. शेती बटाईची. बटाई म्हणजे काय ते इथे सांगायला नको. बी-बियाणं उधारीवर, हिशेब मालकाच्या वहीत, आणि बाकी कायम आपल्याच नावावर. त्या वहीतून सुटायचं म्हणून मार्टिनने कर्ज काढून जमीन घेतली, ७५ एकर. फेडीची मुदत ४० वर्षांची होती. पठ्ठ्याने ५ वर्षांत फेडलं, रात्रंदिवस राबून. पण साठीच्या आतच रक्तदाब, सांधेदुखी आणि पोटातला व्रण इतका बळावला की जठराचा ४० टक्के भाग काढावा लागला.

१९७८ मध्ये शर्मन जेम्स नावाचे साथरोगतज्ज्ञ, स्वतःही कृष्णवर्णीय, त्यांना भेटायला गेले. अंगणात बसून म्हाताऱ्याची कहाणी ऐकत होते. तेवढ्यात घरातून बायकोने जेवायला हाक मारली, ‘जॉन हेन्री!’ आणि जेम्स यांच्या मनात ती दंतकथा लख्ख उभी राहिली. पुढे त्यांनी या वृत्तीला नावच दिलं, ‘जॉन हेन्रीइझम’. हाती साधनं कमी, समोर न हटणारी अडचण, आणि तरी माणूस एकट्याच्या कष्टावर तिला भिडत राहतो. अशांचा रक्तदाब चढतो, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं.

मी समुपदेशनाचं काम करते. ‘खंबीर राहा’ हे शब्द मी कितीतरी जणांना सांगितलेत. जेम्स वाचल्यापासून ते माझ्या तोंडून सहज निघत नाहीत. वर्णद्वेष सोसणाऱ्याला आपण चिवट म्हणून गौरवतो, पण त्या चिवटपणाचं बिल त्याच्या शरीराकडून वसूल होत असतं. कृष्णवर्णीय बाईबद्दल तर ‘ती काय, सगळं सोसते’ असं इतकं ठरून गेलंय की तिला रडायची, थकायची सोयच उरत नाही.

आणि घाव फक्त स्वतःवर झालेलाच लागतो असं नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. पोलिसांच्या हातून निःशस्त्र कृष्णवर्णीय माणूस मारला गेला, की त्या राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांचे मन खचलेले दिवस वाढतात. गोऱ्यांचे वाढत नाहीत.

मग मन खचलेले कृष्णवर्णीय डॉक्टरकडे का जात नाहीत, असं विचारलं जातं. १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला मनोविकार ठरवलं होतं. नाव दिलं ‘ड्रेपटोमेनिया’! स्वातंत्र्याच्या इच्छेला ज्या शास्त्राने रोग म्हटलं, त्याच्या दारात पाय अडखळला तर त्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

पण दार नीट उघडलं तर लोक येतात. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. लेखक रिचर्ड राइट यांनी त्यासाठी खटपट केली, फ्रेडरिक वर्थम हे मानसोपचारतज्ज्ञ प्रमुख. डॉक्टर विनामोबदला यायचे. फी २५ सेंट, तीही नसेल तर राहू दे. वस्तीतल्या वस्तीत, कामावरून सुटल्यावर जाता येईल अशी जागा. माणसाला आधी बोलू द्यायचं, आणि त्याच्या त्रासात घरभाडं, नोकरी, रंग हे सगळं आलं तर तेही आजाराच्या कागदावर लिहायचं. मला या क्लिनिकचं मोठेपण इथे दिसतं की ते ‘तू मन घट्ट कर’ एवढ्यावर थांबलं नाही.

डेलावेअर राज्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्याविरुद्ध पालक कोर्टात गेले, तेव्हा तिथली मुलं, काळी आणि गोरीही, आगगाडीने हार्लेमला आणली गेली. त्याच तळघरात डॉक्टरांनी त्यांच्याशी गप्पा मारल्या, खेळू दिलं, ऐकून घेतलं. १९५१ मध्ये वर्थम यांनी कोर्टात साक्ष दिली, की ही वेगळी शाळाच मुलांच्या मनाला इजा करते. म्हणजे मूल कमकुवत नाही, व्यवस्था आजारी आहे. न्यायाधीश सीट्झ यांनी १९५२ मध्ये त्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्यायचा आदेश दिला. हाच खटला पुढे इतर चार खटल्यांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा तो प्रसिद्ध निकाल लागला. पण डेलावेअरमधल्या क्लेमाँट गावच्या मुलांना तोवर थांबावं लागलं नाही. १९५२ च्या सप्टेंबरात ती आपल्या गावातल्याच शाळेत जाऊन बसली.