शुगर किती? कुठली, आणि कधीची?

मघाशी एका सिस्टरनं विचारलं, "सर, सेप्सिसच्या पेशंटची शुगर कितीवर ठेवायची?" (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागणं.) सांगतो. पण आधी मला सांगा, तुम्ही ती मोजताय कुठून?

सेप्टिक शॉकमधला, म्हणजे सेप्सिसनं रक्तदाब कोसळलेला, पेशंट डोळ्यांसमोर आणा. रक्तदाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू, हात सुजलेले, बोटं गार, नखं निळसर. टोचलं तरी रक्त येत नाही, मग आपण बोट पिळतो. त्या थेंबात रक्ताबरोबर सुजेचं पाणीही उतरतं. ग्लुकोमीटर म्हणतो 96 (सगळे आकडे मिग्रॅ प्रति डेसिलिटर). त्याच वेळी आर्टेरियल लाइनमधलं, म्हणजे धमनीत बसवलेल्या नळीतलं, रक्त एबीजी मशीनला (रक्तातले वायू आणि शुगर तपासणाऱ्या यंत्राला) लावलं, तर 61! असे फरक मी पाहिलेत. पहिल्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनचा पंप तसाच चालू राहिला असता. आणि व्हेंटिलेटरवर झोपवलेला माणूस काही "घाम फुटलाय, गरगरतंय" असं सांगणार नाही. हिमोग्लोबिन उतरलेलं असलं की बरेच मीटर शुगर वाढवून दाखवतात. व्हिटॅमिन सीचा मोठा डोस दिला असेल तरी काही मीटर फसतात.

तेव्हा लाइन असेल तर बोटाच्या वाटेला जाऊ नका. मात्र लाइनच्या फ्लशची, म्हणजे ती तुंबू नये म्हणून सोडतात त्या द्रवाची, पिशवी वाचा. आपल्याकडे डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या पाण्याच्या) बाटलीलाही सगळे सलाईनच म्हणतात. तिथं चुकून डेक्स्ट्रोज लागलं, तर आकडा फुगतो, आपण इन्सुलिन वाढवतो, आणि पेशंटच्या मेंदूला साखर मिळेनाशी होते.

आता कितीवर ठेवायची ते. 2001 साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या ग्रेटा फान डेन बर्गे यांनी सर्जिकल आयसीयूत शुगर 80 ते 110 मध्ये बांधून ठेवली. आयसीयूतले मृत्यू 8 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर आले. जगभर सगळे त्या मागे लागले. पण ते पेशंट बहुतांश हृदयशस्त्रक्रियेचे होते. जर्मनीत गंभीर सेप्सिसच्या 537 पेशंटवर हेच करून पाहिलं, तर 17 टक्के जणांची शुगर 40 किंवा त्याखाली गेली; नेहमीच्या उपचारात हे प्रमाण 4.1 टक्के होतं. इन्सुलिनचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. मग 2009 चा नाइस-शुगर नावाचा अभ्यास, सहा हजारांवर पेशंट: कडक नियंत्रणात 90 दिवसांत 27.5 टक्के दगावले, सैल नियंत्रणात 24.9. म्हणून आज 180 ओलांडली की इन्सुलिन सुरू करायचं आणि साधारण 144 ते 180 मध्ये ठेवायचं.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ल्यूव्हेनमध्ये प्रामुख्यानं धमनीतलं रक्त अचूक यंत्रावर मोजत होते. नाइस-शुगरच्या रुग्णालयांत तऱ्हेतऱ्हेची यंत्रं होती, ग्लुकोमीटरसुद्धा. निकालातला सगळा फरक त्यानं पडला असं मी म्हणणार नाही, पण 80 ते 110 च्या अरुंद पट्टीत चालायचं तर मोजपट्टी हलती असून कसं भागेल?

दुसरा घोळ सरासरीचा. समजा, पेशंट 20 तास 150 वर स्थिर होता, म्हणून दर चार तासांनी पाहिलं: पाच नोंदी. उरलेले चार तास 280 वर होता, म्हणून तासातासाला पाहिलं: चार नोंदी. नऊ आकड्यांची सरासरी काढा, 208 येते. वेळेचा हिशेब धरून काढा, 172. एकच पेशंट, एकच दिवस, आणि एका हिशेबानं आपण नापास, दुसऱ्यानं पास! जिथं बिघडतं तिथंच आपण जास्त मोजतो, त्यामुळे साधी सरासरी तिकडे झुकते. 2004 मध्ये डच डॉक्टरांनी म्हणूनच आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे शुगर किती चढली आणि किती वेळ चढलेली राहिली हे एकत्र मोजणारा हायपरग्लायसेमिक इंडेक्स सुचवला. त्यातही खोट आहेच: 108 च्या वरचंच तो मोजतो, शुगर खाली कोसळली तर त्याला पत्ता नसतो. म्हणून मी 70 खालचे प्रसंग वेगळे मोजायला लावतो, आणि चढउतारही.

तर उद्यापासून चार्टवर आकड्याशेजारी घड्याळातली वेळ, आणि एक अक्षर: बोटाचं असेल तर 'बो', धमनीचं असेल तर 'ध'.