पहिला नग

(दृश्य: उद्यमबाग, बेळगाव. लेथवर फिरणारा ॲल्युमिनियमचा दांडा, टूलखालून सुटणारी चकचकीत चुऱ्याची वेटोळी.)

उद्यमबागेत सकाळपासून लेथचा आवाज सुरू होतो. इथल्याच एका शेडमध्ये, ऑर्डरीचं काम आटोपलं की माझा मित्र गेले काही महिने एक बॅटरी घडवतोय. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आत घालतात तो सेल.

हा तिचा पहिला नग. आत एक १८६५० सेल बसतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर कठीण थर चढवणं, अजून व्हायचंय, म्हणून हाताला काळं लागतं. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं तरी बॅटरी विझत नाही, कारण आट्यांवर अजून विजेला अडवणारा थर नाही. या गोष्टी मी धरत नाही, त्या पुढे होणारच आहेत. जे घडणीतच राहून गेलंय आणि पुढच्या शंभर नगांत तसंच जाईल, ते आत्ता सापडायला हवं.

(दृश्य: अंधारी खोली. भिंतीवर लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र.)

आधी पल्ला. पाच मीटरवर मीटरने ३६० लक्स दाखवले. अंतराचा वर्ग २५, गुणाकार ९,००० कँडेला. हे झोताच्या तीव्रतेचं माप. एका मीटरवर मोजणं सोपं होतं, पण तिथे रिफ्लेक्टरमधला झोत अजून नीट जुळलेला नसतो आणि आकडा फसवतो. ९,००० कँडेलाचा पल्ला निघतो सुमारे १९० मीटर. खोक्यावर हाच छापायची रीत आहे. पण त्या टोकाला उजेड उरतो पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात बांधावर काहीतरी उभं आहे एवढं कळतं. म्हैस आहे की गवा, ते कळत नाही. खानापूर तालुक्यात ज्याचं रान भीमगडच्या जंगलाला लागून आहे, त्याला नेमकं तेच कळायला हवं. म्हणून मी पल्ला निम्माच धरतो. तिथे उजेड चौपट असतो.

(दृश्य: बॅटरी टेबलावर उभी, तोंड छताकडे.)

मग उष्णता. पूर्ण उजेडावर बॅटरी उभी केली, मीटर शेजारी ठेवला. अर्ध्या मिनिटाचा उजेड १०० धरला, तर तीन मिनिटांनी उरले ७१. बॅटरीचं डोकं मात्र जेमतेम कोमट. मित्र खूश झाला. ‘बघ, तापतच नाही!’

मलाही क्षणभर बरं वाटलं. पण उजेड उतरतोय आणि अंग थंड, हे लक्षण वाईट. एलईडीची बहुतेक उष्णता प्रकाशाबरोबर पुढे जात नाही, ती मागे उतरते. एलईडीखाली तांब्याची चकती, चकतीखाली ॲल्युमिनियमचं अंग, तिथून हात आणि हवा. ती हातापर्यंत येत नसेल तर वाटेत कुठेतरी अडली आहे. त्यात छतावरचा उजेड निळसर झाला होता. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी आणि तिच्यावर निळ्याचा काही भाग पिवळा करणाऱ्या फॉस्फरचा थर. फार तापली की फॉस्फर मंदावतो आणि निळा रंग वर येतो. तापमान जोखणारा सेन्सर मागे ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर आहे, त्याला यातलं काहीच कळत नव्हतं.

डोकं उघडलं. चकतीखालची, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट पुसली. चकती जागेवर ठेवून तिची कड नखाने दाबली, तर दुसरी कड वर उठली. चकती डुलत होती. ॲल्युमिनियमच्या त्या बैठकीच्या मधोमध रव्याच्या कणाएवढा उंचवटा होता, आणि सगळी चकती त्या एका कणावर तोललेली.

शेडमधले टर्नर कन्नड बोलणारे. मित्र त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलतो, मी मोडकंतोडकं. त्यांनी त्या कणावरून अंगठा फिरवला आणि दोनच शब्द बोलले, ‘सेंटर हाइट.’ ते मला भाषांतराशिवाय समजलं. टूलचं टोक सेंटरपेक्षा, म्हणजे दांडा ज्या अक्षावर फिरतो त्यापेक्षा, केसभर खाली बसलं, की फेसिंग करताना, म्हणजे दांड्याचं तोंड सपाट कापताना, मधला धातू कापायचा राहतो. त्यांनी टूलखाली पत्र्याची पातळ पट्टी घातली आणि बैठक पुन्हा फेस केली. दहा मिनिटांचं काम.

पुन्हा तीच चाचणी. तीन मिनिटांनी ८८, छत पांढरं, आणि डोकं चांगलंच गरम. मित्राचा चेहरा उतरला. मी म्हटलं, ‘आता बरोबर तापतंय.’

(दृश्य: खानापूर तालुका, रात्र. ऊस, दूरवर मोटारीचा आवाज.)

ही बॅटरी ज्यांच्यासाठी, ते मामा रात्री उसाला पाणी पाजतात. थ्री फेज रात्रीच्या पाळीला येते, म्हणून उसात जाणंही रात्रीच. मी पहिल्यांदा त्यांच्या हातात बॅटरी दिली आणि काहीच सांगितलं नाही. चिखलाचा अंगठा बटणावर गेला, आणि त्यांनी चटकन डोळे मिटले.

‘बॅटरी झकास हाय, खरं पयला झटका डोळ्यावरच येतोय.’

बरोबर आहे. अंधाराला सरावलेले डोळे एका झटक्यात आंधळे होतात आणि पुन्हा सरावायला बराच वेळ लागतो. सुरुवात मंद उजेडानेच व्हायला हवी. ही चूक आम्हां दोघांची, कारण आम्ही ती कायम उजेडाच्या खोलीत चालू करत होतो.

मामा पायाखाली झोत धरून चालतात. वाळक्या पाचटात घोणस असली तर तपकिरीवर तपकिरी ठिपके. या नगातल्या थंड पांढऱ्या उजेडात सगळं पाचट एकाच राखाडी रंगाचं दिसलं. माझ्या जुन्या बॅटरीत ४,००० केल्विनची, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाची एलईडी आहे, आणि तिचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९०च्या वर आहे. तिच्या झोतात तोच पाला पिवळा, तांबूस, काळपट असा वेगवेगळा उमटला. अशी एलईडी तेवढ्याच करंटवर थोडा कमी उजेड देते. मित्राला ते पटत नव्हतं. मी हट्टच धरला, तेवढा उजेड सोडायलाच हवा.

शेवटचं मामांनीच दाखवलं. मंद उजेड ठेवून ते पाइपाच्या तोंडाशी आले. ‘पाणी असं काय नाचालंय?’

(दृश्य: पाइपातून पडणारं पाणी, अगदी जवळून.)

धार सलग दिसायला हवी होती. दिसत होती तुटक मण्यांची माळ. मंद उजेडासाठी हा ड्रायव्हर करंट कमी करत नाही, एलईडी भराभर चालू-बंद करतो. स्थिर भिंतीवर ते डोळ्याला कळत नाही, पडत्या पाण्यात कळतं. दुसऱ्या नगाला सलग करंटचा ड्रायव्हर घालायचं ठरलंय.

तोवर हा नग मामांकडेच आहे. सेल किती वेळ पुरला, ते प्रत्येक पाळीनंतर दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात.